चीड वृक्षांतील राळ व वाढ : जनुकीय भिन्नता

एकाच वयाच्या, एकाच जमिनीवर लावलेल्या चीड (पाइन) वृक्षांत शेजारशेजारच्या दोन झाडांची राळ काही पटींनी कमीजास्त निघते. या फरकाचा बराच भाग जनुकीय असतो. राळ लाकडातील उभ्या-आडव्या राळनलिकांभोवतीच्या पेशींत तयार होते. नलिकांची संख्या, त्यांचा व्यास आणि राळेचा घट्टपणा झाडागणिक बदलतो. उत्पादनावर अनेक जनुकांचा थोडाथोडा परिणाम असतो. राळेतील घटकांचे मात्र तसे नाही : स्कॉट्स पाइनमध्ये टर्पेंटाइनमधील (राळेतील उडून जाणाऱ्या तेलातील) 3-कॅरीन या घटकाचे प्रमाण मुख्यतः एकाच जनुकावर ठरते.

मोजमापासाठी सालीला गोल छिद्रकाने लहान जखम करून खाली नळी बसवतात आणि 24 तासांत जमलेली राळ तोलतात. खोडाच्या दोन बाजूंना अशी जखम करणे चांगले. सर्व झाडे एकाच दिवशी मोजावीत, कारण थंडीत राळ घट्ट होऊन वाहत नाही. जुन्या जखमेजवळ पुन्हा मोजल्यास आकडा फुगतो, कारण इजेनंतर नव्या नलिका तयार होतात.

खरी चूक जास्त राळेची झाडे पुढच्या पिढीसाठी निवडताना होते. मोठ्या मुकुटाचे, कडेचे झाड जास्त राळ देते, पण तो गुण जागेचा असतो. मध्यम पाणीटंचाईत वाढ आधी मंदावते, प्रकाशसंश्लेषण चालूच राहते आणि उरलेली साखर राळेकडे वळते. म्हणून कोरड्या उतारावरचे झाडही फसवे ठरते. हे वेगळे काढण्यासाठी प्रत्येक मातृवृक्षाची रोपे अनेक ठिकाणी, पुनरावृत्तीसह लावून संततिचाचणी घ्यावी लागते.

स्लॅश पाइनमध्ये राळउत्पादनाची आनुवंशिकता (झाडांतील एकूण फरकाचा संततीत उतरणारा जनुकीय वाटा) 0.5 च्या आसपास, तर खोडाच्या व्यासवाढीची बहुधा 0.1 ते 0.3 मिळते. समजा, सरासरी 20 ग्रॅम राळ असलेल्या लागवडीतून 30 ग्रॅमची झाडे निवडून त्यांचाच आपसांत संकर केला, तर 0.5 आनुवंशिकतेने संततीची अपेक्षित सरासरी 25 ग्रॅम. खुल्या परागणाचे बी घेतले, तर पितृवृक्ष निवडलेले नसल्याने हा लाभ निम्माच उरतो. म्हणून निवडक झाडांची कलमे करून बीजोद्यान (फक्त निवडक झाडांची, बियांसाठी राखलेली बाग) उभारतात.

राळ वाढली की वाढ घटणारच, असे जनुकीय पातळीवर दिसत नाही. लोब्लॉली पाइनच्या कोवळ्या झाडांत दोन्हींचा सहसंबंध धन आढळला आहे. त्यामुळे दोन्ही गुणांना वजन देऊन एकत्र निवड करता येते.