'ग्विबॉद'मध्ये लपलेला 'वेद'

ब्रिटनमधल्या वेल्सच्या वेल्श भाषेत 'माहीत असणे' याला 'ग्विबॉद' म्हणतात. कानाला अगदी परका शब्द. पण त्यातला 'ग' क्षणभर बाजूला ठेवा. वेल्शमध्ये शब्दारंभीच्या जुन्या 'व'च्या आधी 'ग' येऊन चिकटला. संस्कृतात विधवा, तिथे 'ग्वेदू'; संस्कृतात वात, तिथे वाऱ्याला 'ग्विन्त'. तसाच 'ग्विबॉद'चा पूर्वार्ध, मूळचा 'ग्विद', म्हणजे आपला 'विद्' धातू. वेद, विद्या, विद्वान हे सगळे त्याच्याच घरचे.

हा शब्द कुणी कुणाकडून उसना घेतलेला नाही. दोन्ही भाषांना तो एकाच पूर्वज भाषेकडून मिळाला. 1786 साली कोलकात्यात संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचं मूळ एक असावं असं सांगताना भाषा-अभ्यासक विल्यम जोन्स यांनी केल्टिक भाषांचंही, म्हणजे वेल्श ज्यात मोडते त्या गटाचंही, नाव घेतलं होतं. त्यांचे वडील वेल्समधल्याच अँगलसी बेटावरचे.

धातूचा मूळ अर्थ 'पाहणे'. लॅटिनमध्ये 'विदेओ' म्हणजे 'मी पाहतो'. संस्कृतातलं 'वेद' हे क्रियापदाचंही रूप आहे. घडण भूतकाळाची, अर्थ वर्तमानाचा: पाहिलं आहे, म्हणून जाणतो. मला हे फार सुंदर वाटतं.

शब्दाचा उत्तरार्ध 'बॉद' म्हणजे 'असणे', आपल्या 'भू' धातूचा भाऊबंद. म्हणजे घडण थेट 'माहीत असणे'सारखीच!

वर्तमानकाळ असा चालतो: मी 'गुन', तू 'ग्विदॉस्त', तो किंवा ती 'गूइर', आम्ही 'ग्विदॉम', तुम्ही 'ग्विदॉख', ते 'ग्विदान्त'. रोजच्या बोलण्यात मात्र यांच्याऐवजी बहुधा 'दु इन ग्विबॉद' येतं, म्हणजे 'असणे'चं रूप आधी आणि क्रियापद नंतर.

माणूस किंवा गाव ओळखीचं असेल, तर 'ग्विबॉद' चालत नाही. तिथे 'अदनाबॉद' लागतं. त्यातल्या 'ना'मध्ये 'ज्ञा' धातू दडला आहे, ज्यातून आपलं 'जाणणे' आलं. आपल्यालाही पत्ता माहीत असतो, पण माणसाला आपण ओळखतो.

आणि तो चिकटलेला 'ग'? वेल्शमध्ये आधीच्या शब्दाच्या प्रभावाने किंवा नकारात शब्दाचं पहिलं व्यंजन बदलतं, आणि 'ग' असेल तर चक्क गळून पडतो. 'मला माहीत नाही' म्हणताना 'गुन'चं 'उन' होतं: 'उन ई दिम'. 'गूइर'चं होतं 'ऊइर'. हजारो वर्षांपूर्वीच्या 'व'चा ओठ गोल करणारा उच्चार असा पुन्हा कानावर येतो. आपण 'कोण जाणे' म्हणतो, तिथे वेल्श माणूस म्हणतो 'पुई आ ऊइर'. आणि 'देव जाणे' म्हणायचं असेल, तर 'दिउ आ ऊइर'.