चहाची आम्लता: पत्तीपेक्षा पाण्याचा हात मोठा

आमच्या चहाची आम्लता किती, असे अनेक ग्राहक विचारतात आणि पुड्यावर तो आकडा छापावा असेही सुचवतात. तो आम्ही छापत नाही, कारण आम्लता ठरते ती कपात, आणि तिच्यावर पत्तीइतकाच, किंबहुना अधिक, परिणाम पाण्याचा होतो.

आम्लता सामूमध्ये, म्हणजेच पीएचमध्ये, मोजतात. सोरेन्सन या डॅनिश रसायनशास्त्रज्ञाने १९०९ मध्ये मांडलेल्या या मोजपट्टीवर ७ हा उदासीन बिंदू असून त्याखालील प्रत्येक अंकाला आम्लता दहापट वाढते. दूध न घातलेल्या काळ्या चहाचा सामू साधारणपणे ५ च्या आसपास असतो, तर लिंबाच्या रसाचा २ ते २.६, त्यामुळे चहा हे सौम्य आम्लधर्मी पेय ठरते. हिरवा चहा बहुधा याहूनही सौम्य असतो, कारण काळा चहा तयार होताना पानांतील कॅटेचिन या तुरट घटकांचे ऑक्सिडीकरण (हवेतील ऑक्सिजनशी संयोग) होऊन थिआरुबिजिनांसारखी, म्हणजे काळ्या चहाला तांबूस-तपकिरी रंग देणारी, अधिक आम्लधर्मी संयुगे बनतात.

पाण्यात विरघळलेले बायकार्बोनेट हे क्षार चहातील आम्ले शोषून घेतात. म्हणून तीच पत्ती, त्याच मापाने, बोअरवेलच्या जड पाण्यात टाकली तर चहा गडद, मंद चवीचा आणि कमी आम्ल होतो, तर क्षार काढून टाकलेल्या पाण्यात तो उजळ रंगाचा आणि चवीला तरतरीत लागतो. जड पाण्याच्या चहावर जमणारा तेलकट दिसणारा पातळ पापुद्रा ही भेसळ नव्हे. पाण्यातील कॅल्शियम व बायकार्बोनेट आणि चहातील पॉलिफेनॉले (कॅटेचिने, थिआरुबिजिने यांसारखी संयुगे) यांच्यापासून तो हवेच्या संपर्कात तयार होतो. (याविषयी आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक तक्रारींचे मूळ पत्तीत नसून नळात असते.) लिंबाचे दोन थेंब टाकल्यावर हा पापुद्रा विरतो आणि चहाचा रंगही फिका होतो, कारण थिआरुबिजिनांचा रंग आम्लतेनुसार बदलतो.

लिंबू पिळले की मात्र सामू झपाट्याने खाली येतो, आणि अशा चहात दूध घातल्यास ते नासते. दुधातील केसीन हे प्रथिन ४.६ च्या सुमारास साकळते. नुसत्या चहात दूध घातल्यास उलट परिणाम होतो, कारण दुधाचा सामू ६.६ ते ६.७ असल्यामुळे चहाची आम्लता घटते, आणि केसीन पॉलिफेनॉलांना बांधून ठेवत असल्यामुळे तुरटपणाही कमी होतो. साखरेने सामू बदलत नाही, फक्त चव झाकली जाते.

पत्ती जास्त वेळ उकळल्याने चहा ‘ॲसिडिक’ होतो, हा समज आम्हाला फारसा पटत नाही. सामू त्याने थोडाच खाली येतो. जिभेला जाणवतो तो मुख्यतः वाढलेला कडवटपणा आणि तुरटपणा. जास्वंदीच्या पाकळ्यांसारख्या वनस्पतींच्या काढ्यांना बाजारात चहा म्हणत असले तरी त्यांचा येथे विचार केलेला नाही. जास्वंदीवर्गीय अंबाडीच्या बोंडांचा काढा तर काळ्या चहाहून कितीतरी अधिक आम्ल असतो.

चहानंतर होणारी जळजळ चहाच्या सामूमुळे होते, असे मानणेही अवघड आहे, कारण जठररस मुळातच चहाहून शेकडो पटींनी अधिक आम्ल असतो. चहातील कॅफिन जठरातील आम्लस्रावाला चालना देते, त्यामुळे असा त्रास असणाऱ्यांनी सौम्य पत्ती शोधण्यापेक्षा चहाचे प्रमाण कमी करून पाहावे आणि त्रास सुरूच राहिल्यास डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

ज्यांना स्वतः मोजणी करायची आहे त्यांनी डिजिटल मापक वापरावा, कारण चहाच्या रंगामुळे सामूपट्टीचा रंग नीट वाचता येत नाही, आणि तापमानानुसार आकडा बदलत असल्यामुळे चहा खोलीच्या तापमानाला आल्यावरच मोजावा. चवीविषयी आम्हाला कळवताना पाणी नळाचे, बोअरवेलचे की शुद्धीकरण यंत्राचे, हे कृपया नमूद करावे. तेवढ्या माहितीवर त्या पाण्याला साजेशी पत्ती सुचवणे आम्हाला सोपे जाते.