घरगुती जलतरण तलावातील क्लोरीन

घरगुती जलतरण तलावातील क्लोरीन : खासगी तलावाच्या पाण्यातील जंतुनाशक क्लोरीन सुरक्षित मर्यादेत ठेवण्यासाठी केली जाणारी नियमित मोजणी व मात्रानियंत्रण. मोठ्या सार्वजनिक तलावांत हे काम बहुधा स्वयंचलित यंत्रणेकडे असते. घरच्या तलावात ते तपासणीच्या छोट्या पेटीवर आणि मालकाच्या नियमितपणावर चालते. पाणी निळे व नितळ दिसते म्हणजे ते निर्जंतुक आहे, असे समजणे ही या कामातील सर्वांत सामान्य चूक होय.

पाण्यात घातलेले क्लोरीन हायपोक्लोरस आम्ल व हायपोक्लोराइट आयन या दोन रूपांत राहते. दोघांची मिळून होणारी बेरीज म्हणजे ‘मुक्त क्लोरीन’. जंतू मारण्याचे काम मुख्यतः आम्लरूप करते. सामू (पीएच) ७.५ च्या आसपास असताना दोन्ही रूपे जवळपास निम्मी-निम्मी असतात. सामू ८ झाला की आम्लरूप मुक्त क्लोरीनच्या पाव भाग उरते आणि ७ ला ते पाऊण भाग होते. मुक्त क्लोरीन घामातील व लघवीतील नायट्रोजनयुक्त द्रव्यांशी जोडले गेले की क्लोरामाइने तयार होतात. हे ‘संयुक्त क्लोरीन’ जंतुनाशक म्हणून दुबळे असते. ‘एकूण क्लोरीन’ उणे ‘मुक्त क्लोरीन’ म्हणजे संयुक्त क्लोरीन. तलावाला येणारा उग्र दर्प आणि डोळ्यांची चुरचुर बहुतेक वेळा याच क्लोरामाइनांमुळे असते. म्हणून ‘वास येतो, क्लोरीन जास्त झाले’ असे म्हणून मात्रा कमी करणे नेमके उलटे पडते.

मर्यादा : अमेरिकेच्या सीडीसी या आरोग्यसंस्थेच्या शिफारशीनुसार मुक्त क्लोरीन किमान १ पीपीएम, स्टॅबिलायझर (क्लोरीनला उन्हापासून वाचवणारे सायन्युरिक आम्ल) वापरत असल्यास किमान २ पीपीएम आणि सामू ७.० ते ७.८ असावा. पीपीएम म्हणजे दर लिटरला मिलिग्रॅम. उघड्यावरच्या तलावात दिवसभर क्लोरीन घटत जाते, म्हणून व्यवहारात ३ ते ४ पीपीएम ठेवले की हाताशी थोडी शिल्लक राहते. संयुक्त क्लोरीन ०.५ पीपीएमच्या खाली असावे.

तपासणी : नमुना पृष्ठभागावरून घेऊ नये. कोपरभर खोलीवरून, पाणी परत येणाऱ्या तोंडापासून दूर, आणि औषध घातल्यावर पंप काही तास चालल्यानंतर तो घ्यावा. नळी आधी तलावाच्याच पाण्याने विसळावी. ती हलवताना तोंडावर बोट ठेवू नये. बोटावरचा घाम व मळ क्लोरीन खातो.

कागदी पट्ट्या झटपट असतात, पण त्यांच्या रंगछटांतून १ आणि ३ मधला फरकच काय तो कळतो. पट्टी पाण्यातून काढल्यावर झटकायची नसते. पिवळा रंग देणारी जुनी ओटीओ चाचणी फक्त एकूण क्लोरीन दाखवते, त्यामुळे आकडा चांगला असूनही त्यात मुक्त भाग किती हे गुलदस्त्यातच राहते. विश्वासार्ह चाचणी डीपीडी या रसायनाची. ए. टी. पालिन यांनी १९५७ मध्ये मांडलेल्या या पद्धतीत मुक्त क्लोरीन असलेले पाणी गुलाबी होते. डीपीडी क्र. १ च्या गोळीने मुक्त क्लोरीन वाचायचे आणि त्याच नमुन्यात क्र. ३ ची गोळी टाकून एकूण वाचायचे. वाचन लगेच, पांढऱ्या पार्श्वभूमीवर करावे. नंतर नळी स्वच्छ धुवावी, क्र. ३ चा अंश आत राहिला तर पुढच्या वेळी संयुक्त क्लोरीनही मुक्त म्हणून मोजले जाते.

डीपीडीत एक फसवी जागा आहे. क्लोरीन साधारण १० पीपीएमच्या पुढे गेले की ते गुलाबी रंगच उडवून टाकते. क्षणभर गुलाबी चमकून पाणी पुन्हा रंगहीन झाले तर तो शून्याचा नव्हे, अतिरेकाचा आकडा असतो. अशा वेळी एक भाग नमुन्यात चार भाग ऊर्ध्वपातित पाणी मिसळून चाचणी करावी आणि उत्तराला ५ ने गुणावे. फिनॉल रेडने केलेली सामूची चाचणीही इतक्या क्लोरीनमध्ये जांभळट, खोटा उत्तर देणारा रंग दाखवते. थेंब मोजण्याची एफएएस-डीपीडी चाचणी या भानगडीतून सुटते : १० मिलि नमुन्यात डीपीडीची पूड टाकून गुलाबी रंग जाईपर्यंत एफएएस द्रावणाचे थेंब मोजायचे, दर थेंबाला ०.५ पीपीएम. नमुना २५ मिलि घेतल्यास दर थेंबाला ०.२ पीपीएम. रंगछटा ओळखण्याचा प्रश्नच येत नाही, म्हणून मराठीत सांगायचे तर ‘डोळ्यांपेक्षा बोटांवर भरवसा’ ठेवणारी ही पद्धत घरगुती वापराला सर्वांत चांगली.

मात्रा : आधी तलावाचे आकारमान काढावे. लांबी × रुंदी × सरासरी खोली, सर्व मीटरमध्ये, गुणिले १,००० म्हणजे लिटर. ८ मीटर × ४ मीटर × १.४ मीटरच्या तलावात ४४,८०० लिटर पाणी असते. १०,००० लिटर पाण्यात १ पीपीएम वाढवायला १० ग्रॅम क्लोरीन लागते. ते १० टक्के क्षमतेच्या द्रव सोडियम हायपोक्लोराइटच्या सुमारे १०० मिलिमध्ये किंवा ६५ टक्के कॅल्शियम हायपोक्लोराइटच्या सुमारे १५ ग्रॅममध्ये मिळते. वरच्या तलावात २ पीपीएम वाढवायला अनुक्रमे सुमारे ९०० मिलि किंवा १४० ग्रॅम लागेल. मात्र द्रव क्लोरीन उष्णतेने व उन्हाने कमजोर होत जाते. जुन्या डब्यावरची टक्केवारी कागदावरच राहते. मात्रा संध्याकाळी, पंप चालू असताना घालावी.

स्टॅबिलायझर : ऊन हे मुक्त क्लोरीनचे मोठे शत्रू. संरक्षण नसेल तर भर दुपारी दोन-तीन तासांत बहुतेक क्लोरीन नाहीसे होते. सायन्युरिक आम्ल क्लोरीनला सैल धरून ठेवते आणि गरजेप्रमाणे सोडते; ३० ते ५० पीपीएम पुरते. पण जितके स्टॅबिलायझर जास्त, तितके क्लोरीन बांधलेले, आणि चाचणी मात्र बांधलेलेही मुक्त म्हणूनच मोजते. म्हणून अनेक जण मुक्त क्लोरीन स्टॅबिलायझरच्या सुमारे ७.५ टक्के ठेवतात : ४० पीपीएमला ३, पण १०० पीपीएमला ७.५. सामूचा वर सांगितलेला परिणामही स्टॅबिलायझर असलेल्या पाण्यात बराच सौम्य होतो.

ट्रायक्लोरच्या गोळ्या सोयीच्या, पण त्यांच्यातून येणाऱ्या प्रत्येक १० पीपीएम क्लोरीनबरोबर ६ पीपीएम सायन्युरिक आम्लही येते (डायक्लोरबरोबर ९). रोज २ पीपीएम खर्च धरला तर महिन्याला ३६ पीपीएमची भर. क्लोरीन संपते, आम्ल साचते. तीन महिन्यांनी पट्टी ‘३ पीपीएम’ दाखवत असताना भिंती हिरव्या का, याचे उत्तर बहुधा हेच असते. त्यावर खात्रीचा उपाय एकच : काही पाणी काढून ताजे भरणे. गोळ्या आम्लधर्मी असल्याने सामूही घसरतो. त्या स्किमरमध्ये (पृष्ठभागावरचा कचरा ओढणाऱ्या पेटीत) ठेवून पंप बंद केला तर आंबलेले पाणी तांब्याचे भाग खाते.

क्लोरीन टिकत नसेल तर सूर्यास्तानंतर एकदा आणि सूर्योदयापूर्वी एकदा मोजावे. रात्री ऊन नसते. तरीही १ पीपीएमहून अधिक घट झाली तर शेवाळ किंवा सेंद्रिय मळ क्लोरीन खातो आहे. मग भिंती घासणे, फिल्टर धुणे आणि क्लोरीन वाढवून ते स्थिर होईपर्यंत वर ठेवणे. नुसते दुप्पट औषध घालून भागत नाही. क्लोरामाइने मोडायला संयुक्त क्लोरीनच्या सुमारे दहापट मात्रा एकदम द्यावी लागते; अर्धवट दिली तर दर्प वाढतोच. पाण्यात जुलाब झाल्यास प्रकरण वेगळे, कारण क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी नेहमीच्या मात्रेतील क्लोरीनला दाद देत नाही. तेव्हा तलाव बंद करून, स्टॅबिलायझर नसलेल्या व सामू ७.५ किंवा त्याहून कमी असलेल्या पाण्यात २० पीपीएम मुक्त क्लोरीन १२.७५ तास ठेवण्याची सीडीसीची सूचना आहे. क्लोरीनचा आकडा नेहमीपेक्षा थोडा वर गेला असेल, तर आच्छादन काढून उन्हाला काम करू द्यावे. घाई असल्यास क्लोरीन उतरवणारे सोडियम थायोसल्फेट, मोजूनच.

हाताळणी : कॅल्शियम हायपोक्लोराइट व ट्रायक्लोर एकत्र आल्यास आग किंवा स्फोट होऊ शकतो. एकाचे मोजपात्र दुसऱ्यात, एकाची गोळी दुसऱ्याच्या पेटीत, असे कधीही होऊ देऊ नये. हायपोक्लोराइट व आम्ल एकत्र आले की विषारी क्लोरीन वायू सुटतो, म्हणून सामू उतरवायचे आम्ल वेगळ्या जागी ठेवावे व वेगळ्या वेळी घालावे. विरघळवताना बादलीत आधी पाणी, मग औषध. औषधावर पाणी ओतू नये. कॅल्शियम हायपोक्लोराइटचे दाणे न विरघळवता टाकले तर ते तळाशी बसून व्हिनाइलच्या अस्तरावर पांढरे डाग पाडतात.