आत्महत्यादर : नोंद, वाचन आणि जोखमीचे घटक (नाशिक जिल्ह्याच्या संदर्भात)

एका वर्षात दर लाख लोकसंख्येमागे आत्महत्येने झालेले मृत्यू म्हणजे आत्महत्यादर. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागानुसार भारतात 2022 मध्ये असे 1,70,924 मृत्यू झाले, दर 12.4. संख्येत महाराष्ट्र पहिला (22,746), दरात सिक्कीम (43.1). दोन्ही आकडे सोबत वाचल्याशिवाय तुलना करू नये.

छेदही, म्हणजे ज्या लोकसंख्येने भागायचे ती संख्याही, तपासावी लागते. 2011 च्या जनगणनेत नाशिक शहराची लोकसंख्या 14,86,053 होती. तोच आकडा आजही धरला, तर त्यानंतर पाथर्डी फाटा, अंबड, सातपूरकडे वाढलेली वस्ती मोजलीच जात नाही आणि शहराचा दर विनाकारण फुगतो.

अंशाची, म्हणजे मृत्यूंच्या नोंदीची, अडचण अधिक खोल आहे. पोलीस ठाण्यात आधी ‘अकस्मात मृत्यू’ (एडी) अशी नोंद होते. मग पंचनामा, शवविच्छेदन, नातलगांचे जबाब, आणि शेवटी तक्त्यात एकच कारण. निफाडच्या एखाद्या द्राक्षबागायतदारावर काढणीच्या तोंडावर गारपीट होते. सोसायटीचे कर्ज थकलेले, औषधांच्या दुकानाची उधारी, वसुलीचा तगादा, वाढलेली दारू, घरात रोजचे वाद, महिनोन्‌महिने झोप नाही. जबाबात शेवटचे भांडण सांगितले गेले, तर नोंद होते ‘कौटुंबिक समस्या’. 2022 मध्ये देशात हेच कारण 31.7 टक्के मृत्यूंपुढे लिहिले होते, आजारपण 18.4 टक्क्यांपुढे. म्हणून या टक्क्यांवरून कर्जाचा वा नैराश्याचा वाटा काढणे चूक ठरते.

व्यवसायाच्या रकान्यातही असेच होते. त्या वर्षी 25,309 मृत स्त्रिया ‘गृहिणी’ होत्या. दिवसभर कांदालागवड करणारी, पण सात-बाऱ्यावर नाव नसलेली बाई बहुधा याच रकान्यात जाते. शेतकरी आत्महत्यांची मोजणी महसूल खाते वेगळी करते. 19 डिसेंबर 2005 च्या शासन निर्णयानुसार नापिकी, कर्जबाजारीपणा व तगादा या निकषांवर जिल्हाधिकाऱ्यांची समिती प्रकरण पात्र वा अपात्र ठरवते. पात्र ठरल्यास कुटुंबाला एक लाख रुपये मिळतात : 30,000 लगेच, 70,000 ठेवीत. ‘अपात्र’ हा मदतीच्या निकषांवरचा निर्णय आहे. मृत्यूमागचे हाल त्याने खोटे ठरत नाहीत.

पूर्वीचा प्रयत्न हा सर्वांत ठळक धोका. नैराश्य, दारू, जुनाट दुखणे, घरगुती हिंसा, एकटेपणा एकमेकांत मिसळून तो वाढवतात. घातक साधन हाताशी असणे निर्णायक ठरते, कारण तीव्र ऊर्मी बऱ्याचदा थोडा काळच टिकते. श्रीलंकेने अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आणली आणि तेथील दर दोन दशकांत निम्म्याहून खाली आला. शेतघरातली फवारणीची औषधे कुलपात आणि किल्ली दुसऱ्याकडे, हा त्याचाच घरगुती अवतार. जिवाचे बरेवाईट करण्याचा विचार येतो का, असे थेट विचारल्याने धोका वाढत नाही.

मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 च्या कलम 115 नुसार प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरले जाते आणि तिला शिक्षा होत नाही. तरी पोलीस केसच्या धास्तीने कुटुंबे अजून ‘चुकून झाले’ म्हणतात. नोंद निसटते आणि पुढचे उपचारही. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या 14416 या विनामूल्य क्रमांकावर चोवीस तास मराठीतही बोलता येते.