शेळ्या, उंदीर आणि कासवे : उष्ण कटिबंधातील लहान बेटांच्या संवर्धनाची पार्श्वभूमी

पृथ्वीवरील एकूण जमिनीपैकी जेमतेम ५ टक्के जमीन बेटांच्या वाट्याला आली आहे, मात्र इ. स. १५०० नंतर नामशेष झाल्याची नोंद असलेल्या प्रजातींपैकी सुमारे ६१ टक्के प्रजाती बेटांवरच्या होत्या. या विषम प्रमाणाचे कारण बेटांच्या घडणीत आहे. ज्वालामुखीतून किंवा प्रवाळांतून तयार झालेल्या आणि मुख्य भूमीशी कधीच जोडल्या न गेलेल्या बेटांवर जे जीव पोहोचले, ते उडत, पोहत किंवा लाटांवर वाहत आले. वटवाघळे सोडली तर जमिनीवरील सस्तन प्राणी तिथवर सहसा पोहोचलेच नाहीत. शिकारी जनावरे नसल्यामुळे काही पक्ष्यांची उडण्याची शक्ती पिढ्यान् पिढ्या क्षीण होत गेली, अनेक पक्षी जमिनीवर अंडी घालू लागले आणि चरणाऱ्या प्राण्यांची जागा महाकाय कासवांनी घेतली. जगात इतरत्र कोठेही न आढळणारी ही प्रदेशनिष्ठ जीवसृष्टी घडायला लाखो वर्षे लागली, आणि तिला ज्यांची कधी ओळखच नव्हती ते उंदीर, डुकरे, मांजरे, माकडे व शेळ्या जहाजांनी काही दशकांत तिच्यात आणून सोडल्या.

हिंद महासागराच्या पश्चिम भागातील बेटांवर या इतिहासाचे जवळजवळ सर्व टप्पे पाहायला मिळतात, म्हणून या टिपणाचा भर तेथेच आहे. डच खलाशी १५९८ मध्ये मॉरिशसला उतरले, १६३८ मध्ये त्यांनी तेथे वसाहत केली, पुढच्याच वर्षी जावा बेटावरून हरणे आणली आणि आबनुसाच्या लाकडासाठी जंगल तोडायला सुरुवात केली. डोडो पाहिल्याची सर्वमान्य अखेरची नोंद १६६२ ची आहे. खलाशांनी डोडो मारून खाऊन संपवला, ही समजूत अजूनही प्रचलित आहे. परंतु जमिनीवर घातलेले त्याचे अंडे खाणारे उंदीर, डुकरे आणि माकडे या पक्ष्याच्या नाशाला अधिक कारणीभूत ठरली असावीत, असे अभ्यासक मानतात. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण शिकार कायद्याने थांबवता येते. एकदा पसरलेला उंदीर कायद्याने थांबत नाही. संवर्धनाच्या पुढील तीनशे वर्षांच्या वाटचालीतली मुख्य अडचण नेमकी हीच होती.

संरक्षणाचा पहिला विचार मात्र प्राण्यांसाठी झाला नाही. १७६७ ते १७७२ या काळात फ्रेंच अमलाखालील मॉरिशसचा कारभार पाहणारे पिएर प्वाव्र यांनी १७६९ मध्ये जंगलतोडीवर नियम घातले, आणि त्यांत प्रत्येक जमीनधारकाने आपल्या जमिनीचा चौथा हिस्सा वनाखाली ठेवावा असे बंधन होते. झाडे गेली तर पाऊस आटेल आणि माती वाहून जाईल, अशी त्यांची धारणा होती. याच धारणेतून कॅरिबियन समुद्रातील टोबॅगो बेटावर १७७६ मध्ये मुख्य डोंगररांगेचे वन ‘पर्जन्याच्या रक्षणासाठी’ राखून ठेवण्यात आले. पश्चिम गोलार्धातील कायद्याने राखलेले ते सर्वांत जुने वन समजले जाते. लहान बेटावर झाड तोडणे आणि झरा आटणे यांतले अंतर एका माणसाच्या हयातीत दिसून येते, त्यामुळे निसर्गाच्या मर्यादेची जाणीव येथे लवकर झाली असावी. टोबॅगोचे वन टिकले. मॉरिशसचे टिकले नाही: १८१० मध्ये बेट ब्रिटिशांच्या ताब्यात गेले, उसाची लागवड वाढत गेली आणि आज चांगल्या स्थितीतील मूळ वन २ टक्क्यांहूनही कमी उरले आहे.

प्राण्यांसाठी म्हणून केलेली पहिली ठळक विनंती १८७४ ची आहे. मॉरिशस, रेयुनियों आणि रॉड्रिग्ज या बेटांवरील महाकाय कासवे तोवर संपली होती. जहाजे त्यांना जिवंत शिधा म्हणून हजारोंनी भरून नेत असत. हिंद महासागरात जंगली अवस्थेतील मोठी संख्या केवळ अल्डाब्रा या दुर्गम कंकणद्वीपावर, म्हणजे कड्याच्या आकाराच्या प्रवाळबेटावर, उरली होती. चार्ल्स डार्विन, जोसेफ हूकर, रिचर्ड ओवेन आणि इतर शास्त्रज्ञांनी मॉरिशसच्या गव्हर्नरला पत्र लिहून ही कासवे वाचवण्याची मागणी केली. डार्विन आणि ओवेन यांचे उत्क्रांतीवरील मतभेद सर्वश्रुत होते, तरीही या एका मागणीखाली दोघांच्या सह्या आहेत, याची नोंद आवर्जून घ्यावीशी वाटते.

अल्डाब्रावर दुसरे संकट १९६० च्या दशकात आले. १९६५ मध्ये ब्रिटनने सेशेल्सपासून अल्डाब्रा व आणखी दोन बेटसमूह आणि मॉरिशसपासून छागोस द्वीपसमूह वेगळे काढून ‘ब्रिटिश हिंद महासागर प्रदेश’ निर्माण केला. लष्करी तळांसाठी जागा मिळवणे हा त्यामागचा उद्देश होता. अल्डाब्रावर विमानतळ बांधण्याच्या योजनेला लंडनच्या रॉयल सोसायटीने आणि अमेरिकेतील स्मिथसोनियन संस्थेने कसून विरोध केला. शास्त्रज्ञांनी सरकारी संरक्षण धोरणाविरुद्ध इतक्या उघडपणे उभे राहण्याची उदाहरणे त्या काळात फारशी नव्हती. नोव्हेंबर १९६७ मध्ये पौंडाचे अवमूल्यन झाले, खर्चकपात सुरू झाली आणि योजना बारगळली. पुढे १९७६ मध्ये अल्डाब्रा सेशेल्सकडे परत आले, १९७९ मध्ये त्याच्या देखभालीसाठी सेशेल्स आयलंड्स फाउंडेशन स्थापन झाले आणि १९८२ मध्ये ते जागतिक वारसास्थळ ठरले. आज तेथे सुमारे एक लाख महाकाय कासवे आहेत, शिवाय हिंद महासागरातील बेटांवर उरलेला एकमेव न उडणारा पक्षी, पाणकोंबडीच्या कुळातील पांढऱ्या गळ्याचा रेल, तेथेच राहतो.

ही कथा संवर्धनाचा विजय म्हणून सांगितली जाते आणि ती विजयाची आहेही. पण तिची दुसरी बाजू सोडून देणे मला योग्य वाटत नाही. तळ रद्द झाला नाही, तो छागोसमधील दिएगो गार्सियावर झाला. १९६८ ते १९७३ या काळात छागोसच्या सर्व रहिवाशांना तेथून हलवण्यात आले. २०१० मध्ये ब्रिटनने त्याच समुद्रात विशाल सागरी संरक्षित क्षेत्र जाहीर केले. २०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय लवादाने, मॉरिशसच्या हक्कांचा योग्य विचार न करता केलेली ही कृती सागरी कायद्याच्या कराराचा भंग करणारी होती, असा निर्णय दिला. बेटावरील माणसांना विचारल्याशिवाय बेट वाचवता येते का, हा प्रश्न तेव्हापासून या क्षेत्राला टाळता आलेला नाही.

प्रत्यक्ष कामाची पद्धत घडली ती अगदी छोट्या बेटांवर. सेशेल्समधील कझिन हे सुमारे २७ हेक्टरांचे बेट १९६८ मध्ये आंतरराष्ट्रीय पक्षीसंरक्षण परिषदेने विकत घेतले, तेव्हा ते नारळाची बाग होते आणि सेशेल्सचा वटवट्या हा पक्षी साऱ्या जगात तेथेच, तिसापेक्षा कमी संख्येने शिल्लक होता. पक्षी पकडून पिंजऱ्यात वाढवण्याऐवजी नारळाची झाडे हळूहळू कमी करून मूळ वन परत येऊ दिले गेले. वटवट्या वाढला, इतका की, १९८८ मध्ये २९ पक्षी अरीद बेटावर नेता आले आणि पुढे आणखी तीन बेटांवर त्यांची वस्ती झाली. एका बेटावर साथ आली किंवा चुकून उंदीर उतरला तरी सारी प्रजाती बुडू नये, असा त्यामागचा हिशेब होता.

मॉरिशसमध्ये मात्र वेळ इतका कमी उरला होता की वन वाढण्याची वाट पाहणे शक्य नव्हते. जंगलतोड आणि डीडीटी या कीटकनाशकाची फवारणी यांमुळे मॉरिशस केस्ट्रेल या छोट्या शिकारी पक्ष्याचे १९७४ मध्ये रानात केवळ चार पक्षी ज्ञात होते. हा पक्षी गेल्यातच जमा आहे, त्याच्यावरील पैसा अधिक आशा असलेल्या प्रजातींवर खर्च करावा, असे मत त्या काळी उघडपणे मांडले जात होते. १९७९ मध्ये तेथे आलेले जीवशास्त्रज्ञ कार्ल जोन्स यांनी ते मानले नाही. घरट्यातली पहिली अंडी काढून घेतली तर मादी पुन्हा अंडी घालते, हे हेरून त्यांनी काढलेली अंडी यंत्रात उबवली, रानातील जोड्यांना वरचे खाद्य दिले, घरट्यांसाठी पेट्या बसवल्या आणि वाढवलेली पिल्ले रानात सोडली. ही पद्धत नंतर गुलाबी कबुतरासाठी वापरली गेली, ज्याचे १९९० मध्ये रानात दहाच्या आसपास पक्षी उरले होते, आणि एको पोपटासाठीही. १९८४ पासून हे काम पुढे नेणाऱ्या मॉरिशियन वाइल्डलाइफ फाउंडेशनमुळे या तिन्ही प्रजाती आज शेकड्यांत आहेत. कोणती प्रजाती वाचवण्यापलीकडे गेली हे अगोदरच ठरवून टाकू नये, असे मला वाटते ते या इतिहासामुळेच.

तरीही पिल्ले सोडायला सुरक्षित जागा हवीच, आणि ती मिळवण्यासाठी आगंतुक प्राणी हटवणे अटळ होते. मॉरिशसच्या उत्तरेचे राउंड बेट २१९ हेक्टरांचे आहे. तेथे उंदीर कधीच पोहोचले नाहीत, म्हणून इतरत्र नष्ट झालेल्या सापसुरळ्या, पाली आणि बोआ जातीचे साप तेथे टिकले. पण एकोणिसाव्या शतकात सोडलेल्या शेळ्या आणि सशांनी रोपटे म्हणून उगवू दिले नाही आणि उतारांवरची माती समुद्रात गेली. शेळ्या १९७० च्या दशकाच्या अखेरीस आणि ससे १९८६ मध्ये हटवण्यात आले. राउंड बेटाचा बिळात राहणारा बोआ मात्र १९७५ नंतर कोणालाही दिसलेला नाही.

यानंतर जे लक्षात आले ते मला या साऱ्या इतिहासातील सर्वांत मोलाचे वाटते. नको ते प्राणी काढून टाकल्यावरही वन पूर्वीसारखे वाढत नव्हते, कारण फळे खाऊन बिया दूर नेणारी कासवेच उरली नव्हती. आबनुसाची मोठी फळे झाडाखालीच पडून राहत. म्हणून २००० मध्ये मॉरिशसजवळच्या २६ हेक्टरांच्या इल ओ एग्रेत बेटावर, आणि २००७ मध्ये राउंड बेटावर, नामशेष कासवांच्या जागी अल्डाब्राची कासवे आणली गेली. त्यांच्या पोटातून गेलेल्या आबनुसाच्या बिया अधिक चांगल्या रुजतात, आणि मूळ झाडांपासून दूर रोपे उगवू लागली आहेत, असे अभ्यासात आढळले. डार्विन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ज्यांच्यासाठी पत्र लिहिले होते, त्याच कासवांचे हे वंशज आहेत.

जमीन आणि समुद्र यांचे नातेही असेच उशिरा उलगडले. छागोसमध्ये अठराव्या शतकाच्या अखेरीस नारळाच्या मळ्यांबरोबर उंदीर आले, परंतु काही बेटे त्यांच्यापासून बचावली. उंदीर असलेल्या आणि नसलेल्या मिळून बारा बेटांची तुलना करणारा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. उंदीर नसलेल्या बेटांवर समुद्रपक्ष्यांची घनता ७६० पट आणि त्यांच्या विष्ठेतून जमिनीला मिळणारा नायट्रोजन २५१ पट होता. लगतच्या प्रवाळ खडकांवरील माशांचे एकूण वजनही ४८ टक्क्यांनी अधिक होते. पक्षी खोल समुद्रात मासे खातात, बेटावर विष्ठा टाकतात, पाऊस ती प्रवाळांपर्यंत नेतो. उंदराने अंडे खाल्ले की ही सारी साखळी तुटते.

हस्तक्षेपाचे धोकेही बेटांनीच दाखवून दिले. पॉलिनेशियातील मोरेआ बेटावर आफ्रिकी गोगलगायींचा उपद्रव रोखण्यासाठी १९७७ मध्ये दुसरी शिकारी गोगलगाय सोडण्यात आली आणि तिने दहा वर्षांत तेथील पार्तुला गोगलगायी रानातून संपवल्या. प्राणिसंग्रहालयांनी वेळीच काही उचलून आणल्या होत्या, त्यांचे वंशज २०१५ पासून परत सोडले जात आहेत. या अनुभवानंतर असे उपाय वर्षानुवर्षे पारखून घेतले जाऊ लागले.

आता मात्र धोक्याचे स्वरूप असे आहे की बेट कितीही नीट सांभाळले तरी पुरत नाही. १९९८ मध्ये समुद्र तापल्याने सेशेल्सच्या मुख्य बेटांभोवतीचे सुमारे ९० टक्के जिवंत प्रवाळ मेले. जुलै २०२० मध्ये वाकाशिओ हे जहाज मॉरिशसच्या प्रवाळ खडकावर चढले आणि सुमारे १,००० टन तेल इल ओ एग्रेतच्या भोवतालच्या पाण्यात सांडले. तेथील दुर्मीळ सापसुरळ्या, पाली आणि रोपवाटिकेतील रोपे घाईने हलवावी लागली. सेशेल्सने कर्जाच्या पुनर्रचनेच्या मोबदल्यात आपल्या सागरी क्षेत्राचा ३० टक्के भाग २०२० पर्यंत संरक्षित केला, त्यात अल्डाब्राही आले. २०१२ पर्यंत अल्डाब्रावरील शेळ्याही पूर्णपणे हटवल्या गेल्या होत्या. तरी २०१९ मध्ये त्याच किनाऱ्यावरून स्वयंसेवकांनी २५ टन प्लास्टिक गोळा केले, तेव्हा आणखी सुमारे ५०० टन शिल्लक असल्याचा अंदाज निघाला. त्यातला बहुतांश कचरा मासेमारीच्या जाळ्यांचा व दोरांचा होता. तो काढण्याचा खर्च आज बेटाची देखभाल करणाऱ्यांवरच पडतो; ज्यांच्या बोटींवरून ती जाळी समुद्रात गेली, त्यांनी तो द्यावा अशी व्यवस्था अजून झालेली नाही.