बिल्ड एरर (सोर्समधून लिनक्स प्रणाली उभारताना)

तयार पॅकेजे न घेता कंपायलर (सोर्स कोडपासून चालणारा प्रोग्रॅम बनवणारे साधन), सी लायब्ररी, शेल (टाइप केलेल्या कमांड चालवणारा प्रोग्रॅम) आणि बाकीची साधने सोर्स कोडमधून एकेक करून कंपाइल करत आख्खी लिनक्स प्रणाली उभी करता येते. असे करताना काम मध्येच थांबवणाऱ्या त्रुटींना बिल्ड एरर म्हणतात. या कामाचा सर्वांत परिचित नमुना म्हणजे जेरार्ड बीकमन्स यांनी १९९९ मध्ये सुरू केलेला ‘लिनक्स फ्रॉम स्क्रॅच’ (पुढे ‘एलएफएस’) हा प्रकल्प. एरवी एखाद्या पॅकेजचा बिल्ड फसला तर तेवढेच पॅकेज अडते. इथे प्रत्येक पॅकेज आधी बांधलेल्या पॅकेजांच्या जोरावर बांधले जाते, त्यामुळे सुरुवातीला राहिलेली चूक भलत्याच पॅकेजात डोके वर काढते. एरर दिसते ती जागा आणि दोषाची जागा यांतले हे अंतर ओळखणे हाच त्रुटीशोधाचा मुख्य भाग होय.

बांधणीचा क्रम ठरलेला असतो. आधी यजमान यंत्रावरच्या, म्हणजे ज्यावर बांधणी चालते त्या यंत्रावरच्या, कंपायलरने बिनयूटिल्स (लिंकर वगैरे साधने) आणि जीसीसी (कंपायलर) यांची पहिली, तात्पुरती आवृत्ती होते. मग कर्नलचे हेडर (फंक्शने वगैरे जाहीर करणाऱ्या फाइली), मग जीलिबसी ही सी लायब्ररी, मग लहानमोठी साधने. त्यानंतर ‘सीएचरूट’ कमांडने नव्या प्रणालीत शिरून सगळे पुन्हा बांधायचे. जीलिबसी झाल्यावर एक रिकामा प्रोग्रॅम कंपाइल करून तो कोणता डायनॅमिक लोडर (प्रोग्रॅम सुरू होताना त्याच्या लायब्ऱ्या जोडणारी फाइल) मागतो हे ‘रीडेल्फ’ या साधनाने तपासायला एलएफएस सांगते. ही तपासणी कंटाळवाणी वाटते आणि म्हणूनच वगळली जाते. ती चुकली असली तरी पुढची पॅकेजे खुशाल कंपाइल होत राहतात, कारण यजमान यंत्राची हेडर आणि लायब्ऱ्या नकळत वापरल्या जात असतात. फटका बसतो तो सीएचरूटच्या दारात. फाइल डोळ्यांसमोर असते, चालवण्याची परवानगीही असते, तरी संदेश येतो की अशी फाइलच नाही. हरवलेला असतो तो त्या प्रोग्रॅमचा लोडर. संदेशात मात्र नाव येते प्रोग्रॅमचे. ‘बॅश’ या शेलच्या नव्या आवृत्त्यांनी हा संदेश जरा बरा केला आहे.

लॉग कसा वाचावा

कंपाइल करण्याची कामे क्रमाने चालवणाऱ्या ‘मेक’च्या शेवटच्या ओळीतला ‘एरर २’ काहीच सांगत नाही. आतल्या मेकने बाहेरच्या मेकला दिलेली ती नुसती वर्दी असते. शोधायची असते ती पहिली एरर, म्हणजे लॉग खालून वर वाचायचा. अनेक कामे एकाच वेळी चालू असतील तर एक काम फसल्यावरही बाकीची आपापल्या ओळी छापत राहतात आणि खरी एरर शेकडो ओळी वर ढकलली जाते. अशा वेळी मेक पुन्हा एकाच कामावर चालवले की एरर शेवटी येऊन थांबते. लॉग साठवण्यासाठी मेकचा आउटपुट ‘टी’ (पडद्यावर आणि फाइलमध्ये एकदमच लिहिणारी) कमांडकडे पाठवला तर शेलला यशापयश कळते ते टीचे, मेकचे नव्हे. ‘पाइपफेल’ हा शेलचा पर्याय चालू नसेल तर स्क्रिप्ट फसलेल्या बिल्डवरून बिनदिक्कत पुढे जाते.

मेकच्या आधी यंत्राची चाचपणी करणाऱ्या ‘कॉन्फिगर’ स्क्रिप्टच्या टप्प्यावर अडल्यास ‘कॉन्फिग डॉट लॉग’ उघडावा. त्याच्या शेवटी व्हेरिएबलांची लांबलचक यादी असते. कामाचा मजकूर तिच्या वर, मध्ये सापडतो. त्यातल्या प्रत्येक एररने मात्र घाबरू नये. अमुक सोय या यंत्रावर आहे का, हे कॉन्फिगर छोटे प्रोग्रॅम कंपाइल करूनच पाहते, आणि त्यांतले बरेचसे फसणे अपेक्षितच असते.

कंपायलरला हेडर सापडले नाही तर बहुधा एखादे पॅकेज बांधायचे राहिलेले असते किंवा शोधाचा मार्ग चुकलेला असतो. ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ ही तक्रार लिंकरची, म्हणजे कंपाइल झालेले तुकडे आणि लायब्ऱ्या जोडणाऱ्या साधनाची. तिथे सोर्स कोड उकरण्याआधी लायब्ऱ्यांचा क्रम पाहावा.

आवृत्त्यांचा मेळ

सर्वांत फसव्या एरर जुना सोर्स आणि नवा कंपायलर यांच्या गाठीतून येतात. एम४ हे एलएफएसमधले अगदी सुरुवातीचे, छोटेसे साधन. त्याची १.४.१८ ही आवृत्ती ऑगस्ट २०१८ मधल्या जीलिबसी २.२८ वर कंपाइल होईना. संदेश होता : ही फाइल तुमच्या प्लॅटफॉर्मवर पोर्ट करा. जणू लिनक्स हे कुठले अनोळखी यंत्र! कारण असे, की एम४ने सोबत बाळगलेला ‘नूलिब’ या सामायिक कोडसंग्रहाचा कोड जीलिबसीच्या खासगी मॅक्रोंवरून (हेडरमधल्या नामांकित व्याख्यांवरून) तिला ओळखत असे आणि जीलिबसीने ते मॅक्रो काढून टाकले होते. एलएफएसने ‘सेड’ (फाइलीतला मजकूर बदलणारी कमांड) वापरून सोर्समध्ये केलेल्या दुरुस्तीने ते भागवले. २०२१ मध्ये जीलिबसी २.३४ ने सिग्नल-स्टॅकच्या आकाराचा स्थिरांक स्थिर ठेवला नाही आणि तीच १.४.१८ पुन्हा अडली, १.४.१९ तोवर आलेली होती.

जीसीसीही वेळोवेळी कडक होत गेला आहे. २०२० च्या जीसीसी १० ने हेडरमध्ये निष्काळजीपणे मांडलेली ग्लोबल व्हेरिएबले एकत्र करणे सोडले आणि ‘मल्टिपल डेफिनिशन’च्या एररचा पाऊस पडला. २०२४ च्या जीसीसी १४ ने न जाहीर केलेले फंक्शन वापरण्याला वॉर्निंगऐवजी एरर ठरवले. २०२५ च्या जीसीसी १५ ने सी भाषेचे सी२३ हे मानक गृहीत धरले. त्यात रिकामा कंस म्हणजे ‘एकही आर्ग्युमेंट नाही’, त्यामुळे जुना कोड मोडतो. तिन्हींवर जुने वर्तन परत आणणारे पर्याय आहेत. जीसीसी १४ च्या बाबतीत ते डोळे मिटून वापरू नयेत. न जाहीर केलेले फंक्शन ‘इंट’ (पूर्णांक) परत करते असे धरले जाते. ६४-बिट यंत्रावर त्याने पॉइंटर (स्मृतीतला पत्ता) दिला तर तो अर्धा कापला जातो. बिल्ड यशस्वी होतो, प्रोग्रॅम कोसळतो. याहून वाईट म्हणजे कॉन्फिगरच्या जुन्या चाचण्याच या कडकपणामुळे फसतात, असलेली सोय ‘नाही’ समजली जाते, आणि एररही दिसत नाही. एलएफएसच्या पुस्तकात दिलेल्या आवृत्त्या सोडून हौसेने ताज्या घेऊ नयेत, याचे खरे कारण हे आहे.

यजमान यंत्र

डेबियन-उबुंटूवर ‘एसएच’ या नावाने चालणारा शेल म्हणजे ‘डॅश’ असतो. एलएफएसला तिथे बॅश हवा असतो. बायसन, गॉक, टेक्सइन्फो ही साधने नसणे हेही नेहमीचे. घड्याळ चुकले असेल तर मेकला जुन्या फाइली नव्या वाटतात. डेस्कटॉप मराठी लोकेलवर (भाषा-प्रदेशाच्या मांडणीवर) चालत असला, तरी बांधणीसाठी लोकेल ‘पॉझिक्स’ ठेवतात, म्हणजे अक्षरांचा क्रम आणि संदेशांची भाषा बदलत नाही.

‘परमिशन डिनाइड’ या एररवर ‘सुडो’ (प्रशासकाच्या अधिकाराने कमांड चालवणे) लावणे हा सर्वांत महागात पडणारा उपाय. तात्पुरती साधने मुद्दाम साध्या वापरकर्त्याच्या खात्यावरून बांधतात. नव्या प्रणालीचा मार्ग सांगणारे व्हेरिएबल रिकामे राहिले तर इन्स्टॉल थेट यजमानाच्या मुळाशी जाते, आणि त्याला अडवणारी तीच एक एरर असते.

कंपायलर ‘किल्ड’ म्हणून मेला तर स्मृती अपुरी पडून कर्नलने त्याला मारलेले असते. समांतर कामे कमी करावीत. ‘इंटर्नल कंपायलर एरर’ दर खेपेला वेगळ्या फाइलवर आली तर संशय रॅमवर किंवा तापलेल्या यंत्रावर घ्यावा. काही वितरणांमधले जीसीसी तेच काम पुन्हा करून पाहते आणि एरर परत आली नाही तर हार्डवेअरचा दोष असावा असे स्वतःच सांगते.

दुरुस्तीनंतर अर्धवट झालेली डिरेक्टरी काढून टारबॉल (सोर्सची गठ्ठा-फाइल) पुन्हा उलगडावा. अर्धी चाललेली सेडची दुरुस्ती आणि कॉन्फिगरची जुनी उत्तरे शिल्लक राहिली, तर पुढची एरर कोणत्या प्रयत्नाची हे सांगता येत नाही. जीसीसी आणि जीलिबसी यांच्या चाचण्यांमध्ये मात्र काही अपयशे सर्वत्रच येतात. ती ज्ञात यादीशी ताडून पुढे जातात.