पार्श्वभूमी : सेटटॉप बॉक्सनंतरचे घरगुती रेकॉर्डिंग

केबलवरचा कार्यक्रम व्हीसीआरवर, म्हणजे व्हिडिओ कॅसेटच्या रेकॉर्डरवर, टेप करण्याची सोय मराठवाड्यातून एकदम गेली नाही. केबल डिजिटल करण्याची कायदादुरुस्ती २०११ च्या अखेरीस झाली आणि देशाचे चार टप्पे पाडले गेले. १० लाखांवर लोकसंख्येच्या ३८ शहरांसाठी, म्हणजे दुसऱ्या टप्प्यासाठी, मुदत होती ३१ मार्च २०१३. मराठवाड्यातून त्यात एकटे औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, बसले. जालना, नांदेड, लातूर, परभणी, बीड तिसऱ्या टप्प्यात आणि खेडी चौथ्या. तिसऱ्याची मुदत आधी सप्टेंबर २०१४, मग डिसेंबर २०१५, मग कोर्टकज्जे आणि शेवटी ३१ जानेवारी २०१७. चौथ्याची ३१ मार्च २०१७. म्हणजे डिजिटल सिग्नल पकडता येईना म्हणून औरंगाबादेत जे यंत्र कुचकामी ठरले ते साठेक किलोमीटरवरच्या जालन्यात कागदोपत्री तरी आणखी जवळपास चार वर्षे चालणार होते. प्रत्यक्षात कुठे केबलवाल्याने सेटटॉप बॉक्सचे डबे आधीच वाटले, तर कुठे मुदत उलटूनही जुनाच सिग्नल येत राहिला. मधल्या काळात, जुलै २०१६ मध्ये, शेवटच्या जपानी उत्पादकाने व्हीसीआर बनवणेच थांबवले.

ऐंशीच्या दशकात व्हीसीआर यायचा तो बहुतेक भाड्याने, रात्रभर सिनेमे बघायला. टेप करण्याची सवय लागली ती केबलमुळे. वायर आधी व्हीसीआरमध्ये, तिथून टीव्हीत, आणि दोघांनाही आपापला ट्यूनर, म्हणजे वाहिनी पकडणारा भाग. टीव्हीवर मॅच चालू असताना व्हीसीआरवर मालिका टेप व्हायची. खोडा असे तो भारनियमनाचा : लाइट जाऊन आली की घड्याळ शून्यावर आणि लावलेला टायमर पुसलेला.

वाद आहे तो डिजिटल करण्याच्या कायदादुरुस्तीतल्या एका निर्णयाचा, आणि त्याची चर्चा तेव्हा पुरेशी झाली नाही. सिग्नल डिजिटल करणे एक आणि त्याला कुलूप घालणे दुसरे. दुरुस्तीने दोन्ही एकाच दावणीला बांधले. वाहिनी सशुल्क असो की मोफत, केबलवर ती एन्क्रिप्ट करूनच, म्हणजे डब्यातूनच उघडेल अशी कुलूपबंद, द्यायची, असा नियम झाला. सरकारी बाजू अशी, की केबलचालक ग्राहकांचा खरा आकडा दाखवत नाहीत, त्यात वाहिन्यांचे पैसेही बुडतात आणि करही. ही तक्रार खोटी नव्हती. पण घरे मोजायला सशुल्क वाहिन्यांना कुलूप घातले तरी भागले असते. त्यावर उत्तर दिले जाते की मोफत वाहिन्या उघड्या ठेवल्या, तर निव्वळ त्याच बघणारा माणूस महिन्याचे पैसे कशाला देईल? यात तथ्य आहे. २०१२ मध्ये १०० मोफत वाहिन्यांच्या मूळ पॅकेजचे कर सोडून १०० रुपये ठरले, २०१९ मध्ये १३०. ही वसुली कुलपाशिवाय अवघडच. मात्र तिची किंमत ज्यांनी मोजली त्यांत व्हीसीआरवाले, डीव्हीडी रेकॉर्डरवाले आणि कॉम्प्युटरमध्ये ट्यूनर कार्ड बसवलेले सगळेच आले. नंतर नव्या टीव्हीत डिजिटल ट्यूनर आला तरी डब्याशिवाय केबलच्या वायरीतून काही दिसेना. तीच सह्याद्री वाहिनी डिसेंबर २००४ पासूनच्या दूरदर्शनच्या मोफत डिशवर उघडी आणि केबलवर कुलूपबंद, याचे पटण्याजोगे कारण कुणी दिलेले नाही. कायद्याने घरच्या वापरासाठीचे रेकॉर्डिंग कधी गुन्हा ठरवले नव्हते. २०१२ मध्ये कॉपीराइट कायद्यात तांत्रिक कुलूप तोडण्याला शिक्षा आली, तीही हक्कभंगाच्या हेतूने तोडणाऱ्यासाठी.

मग लोकांनी डब्यामागच्या पिवळ्या-पांढऱ्या-लाल पिनांचा आधार घेतला. त्या व्हीसीआरच्या मागे खुपसायच्या, व्हीसीआर एव्हीवर, म्हणजे त्या पिनांच्या इनपुटवर, ठेवायचा. चित्र येते, टेपही होते. पण होते ते डब्यावर जे लागले असेल तेच. व्हीसीआरचा टायमर ठरल्या वेळी यंत्र सुरू करतो, डब्याची वाहिनी बदलणे त्याच्या हातात नाही. त्यात मधेच लाइट गेली आणि इन्व्हर्टर नसला, तर डबा पुन्हा सुरू होताना केबलवाल्याने ठरवलेल्या वाहिनीवर उभा राहतो, आणि व्हीसीआर चालू राहिला असता तरी टेपवर कीर्तनाऐवजी तासभर तीच वाहिनी. एक बघत दुसरे टेप करायचे तर दुसरा डबा, म्हणजे दुसरे भाडे. काही डब्यांतून बाहेर पडणाऱ्या सिग्नलमध्ये कॉपीरोधक खूण असते. तिच्यामुळे टेपवरचे चित्र उजळते, काळवंडते आणि आडवे फाटते. दुरुस्तीवाल्याकडे हेड, म्हणजे टेप वाचणारा भाग, साफ करून आणलेले कित्येक व्हीसीआर मुळात बिघडलेले नव्हतेच.

ज्यांनी छत्री, म्हणजे डिश, लावली त्यांचे बरे चालले. मोफत डिशच्या साध्या डब्यांना यूएसबीची जागा असते आणि अनेक डब्यांत पेनड्राइव्हवर रेकॉर्डिंग होते. ती फाइल कॉम्प्युटरवरही उघडते. सशुल्क डीटीएचच्या रेकॉर्डरमधली फाइल सहसा त्याच डब्याबाहेर चालत नाही.

अँटेनाचा मार्ग सगळ्यात शेवटी बंद झाला. म्हैसमाळच्या टेकडीवरून येणारे दूरदर्शनचे अ‍ॅनालॉग प्रक्षेपण व्हीसीआरचा ट्यूनर थेट पकडायचा, तेही कुलपाशिवाय. फेब्रुवारी २०१६ मध्ये दूरदर्शनने १६ शहरांत नवे डिजिटल भूप्रक्षेपण सुरू केले, त्यात औरंगाबादही होते. ते पकडणारा ट्यूनर मात्र फार थोड्या घरांत होता, व्हीसीआरमध्ये तर नव्हताच. मार्च २०२२ पर्यंत मोक्याच्या जागची सुमारे ५० केंद्रे वगळून देशभरातले अ‍ॅनालॉग प्रक्षेपण थांबवायचे ठरले. तेव्हापासून व्हीसीआर बाहेर निघतो तो जुन्या कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायला. त्यासाठी लागणारी यूएसबी कॅप्चर कांडी सहज मिळते. चालू हेडचा व्हीसीआर आणि बुरशी न लागलेली कॅसेट मिळणे जास्त कठीण.